दागिना कीं तारण?

दागिना पाहिला कीं तो केवढ्याचा, हें आमच्या घरांतून आधीं विचारलें जातें. तो कसा आहे, हें मागाहून, आणि पुष्कळदां मुळींच नाहीं. परवां एका सुशिक्षित मंडळींत आम्हीं अमेरिकेंतील सिॲटल येथील रमोना सोलबर्ग या बाईंच्या कामाची हकीकत सांगितली, तेव्हां 'म्हणजे भंगारच कीं!' असा शेरा मिळाला. त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

सोलबर्गबाईंचा जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या स्त्रियांच्या सैन्यदलांत होत्या. पुढें १९६७ ते १९८३ पर्यंत त्यांनीं वॉशिंग्टन विद्यापीठांत अध्यापन केलें. देशोदेशींच्या प्रवासांत मिळालेले मणी, डॉमिनोच्या ठिपकेदार पट्ट्या, गुंड्या, हाडाचे तुकडे अशा वस्तू चांदींत बसवून त्या हार करीत. 'शामनचा हार' या त्यांच्या १९६८ च्या कृतीनें असल्या वस्तूंना चांदीच्या मांडीला मांडी लावून बसविलें. २००५ सालीं त्या निवर्तल्या.

'असले तुकडे कोणीही वेंचील,' असें आक्षेपक म्हणतील. वेंचील खरा, पण जोडील काय? हाड किंवा लांकूड झाळण्याची आंच सोसत नाहीं. म्हणून कोंदण आधीं पुरें करून मग त्यांत तुकडा बसवावा लागतो, किंवा तो रिव्हेटनें जखडावा लागतो. चुकलेलें सोनें पुन्हां आटवितां येतें. तडकलेल्या हाडाला दुसरा जन्म नाहीं. मग अधिक कसब कोठें लागतें, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : सोनें अडीअडचणीला उपयोगीं पडतें. हें आम्हांस मान्य आहे. ज्या स्त्रीच्या नांवावर दुसरें कांहींच नाहीं, तिच्या पाटल्यांना आम्ही हंसणार नाहीं. परंतु मग त्यांना तारण म्हणावें, आणि तारणाच्या काट्यानें कला तोलूं नये. त्याच काट्यावर पुढें घरची सूनही तोलली जाते, हें आम्हीं पाहिलें आहे.

आणि भंगाराची एवढी किळस असलेल्यांनीं आपल्या घरच्या मंगळसूत्राकडे एकदां पाहावें. त्यांतील काळी पोत साध्या काचेची असते. सराफ तिला कवडी देणार नाहीं. परंतु ती तुटली तर सारें घर जमिनीवर बसून एकेक मणी शोधूं लागतें. मोल वजनांत नसतें, हें आमच्या आज्यांना ठाऊक होतें. आम्ही पदवीधर मात्र तें विसरलों!