पन्नास रुपयांचा अध्यापक

मोठ्या पगाराची जागा सोडून एखादा विद्वान पन्नास रुपयांवर राहू लागला, तर जालन्याच्या मोंढ्यात त्याचा हिशेब चुकला असेच म्हटले जाईल. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी 1908 मध्ये नेमके हेच केले.

गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेल्या धर्मानंदांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. बौद्ध धर्माच्या ज्ञानासाठी 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा खडतर प्रवास करून 1902 मध्ये ते सिंहलद्वीपी पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात त्यांनी प्रव्रज्या घेतली व पालीचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेशातही ते राहिले. 1906 मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. परंतु भिक्षूचा अपरिग्रह त्यांच्या अंगातून गेला नाही.

हे ज्ञान महाराष्ट्रास मिळावे, ही त्यांची तळमळ होती. महाराष्ट्रात कोठेही राहून ग्रंथलेखन करावे, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले आणि धर्मानंदांनी कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडली. पुढे 1912 ते 1918 या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली घडले. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पुनःपुन्हा पाचारण केले. शील, समाधी व प्रज्ञा यांचे विवेचन करणारा तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1950 मध्ये, तेथून प्रसिद्ध झाला.

जैन समाजाशी त्यांचा संबंध मात्र सरळ नव्हता. गुजरात विद्यापीठात पंडित सुखलालजी व मुनी जिनविजयजी यांचा सहवास त्यांना लाभला. तथापि प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी मांडलेल्या मताने जैन समाज अत्यंत दुखावला. जैन विद्वानांनी त्या शास्त्रवचनांचा अर्थ निराळा लावून त्यांचे खंडन केले. तो मतभेद आजही मिटलेला नाही. तो झाकून ठेवण्याचेही कारण नाही.

परंतु खात्याची एकच बाजू पाहून शिल्लक काढता येत नाही. याच पंडिताने आयुष्याच्या उत्तरार्धात ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांचे ऋण बुद्धाच्या उपदेशावरही आहे, असे बौद्ध परंपरेत शिकलेल्या या माणसाने त्यात निःसंकोच मांडले. स्वतःच्या परंपरेचे देणे अशा रीतीने मान्य करणारे पंडित थोडेच.

अखेरीस देह व्याधींनी जर्जर झाला, तेव्हा इतरांवर भार होऊ नये म्हणून त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. गांधीजींच्या आग्रहाने पहिला प्रयत्न त्यांना थांबवावा लागला. नंतर सेवाग्राम आश्रमात सुमारे महिनाभर उपोषण करून 4 जून 1947 रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. ते जैन नव्हते. तरीही पार्श्वनाथांच्या परंपरेतील सल्लेखनेचा आदर्श त्यांच्यासमोर होता.

ज्या घरांत त्यांच्या एका मताचा निषेध झाला, त्या घरांतही चातुर्यामावरील हे छोटेसे पुस्तक वाचले जावे. अनेकान्त मानणाऱ्या समाजाला ते अवघड जाऊ नये.