हार चितमपल्लींना, बेशरम तळ्यांना

५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्लींची जयंती, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींची. हे दोन दिवस जोडून राज्य शासनाने २०२० मध्ये पक्षी सप्ताह जाहीर केला. तेव्हापासून दरवर्षी फेऱ्या निघतात, भाषणे होतात, फोटोला हार पडतो. १३ तारखेला पाखरे पुन्हा वाऱ्यावर.

चितमपल्लींना अरण्यऋषी म्हणणे सगळ्यांनाच परवडते. ऋषीला हात जोडले की भागते. वनाधिकाऱ्याचे म्हणणे मात्र अमलात आणावे लागते. सोलापूरचा हा माणूस मुळात वनाधिकारीच होता. कोइमतूरला शिक्षण, मग कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी तीन दशकांहून अधिक रानातली चाकरी. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

नवेगावबांधला त्यांनी हुद्दा बाजूला ठेवून शिकवणी धरली. माधवराव पाटील डोंगरवारांसारखे जाणकार, गोंड, मासेमार ढिवर हे त्यांचे गुरुजन. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्या दिवसांचेच.

आज त्याच मुलखातले तलाव पाहावेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी समाजाच्या पूर्वजांनी हजारो तलाव बांधले. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाची देखरेख सुटली. गाळ साचला, बुडीत जमिनीवर अतिक्रमणे चढली, काठावर बेशरम ही उपरी वनस्पती माजली. ज्या उथळ पाण्यात देवधान, पोवन यांसारख्या पाणवनस्पती वाढायच्या, बदके चरायची, मासे अंडी घालायचे, तेच पाणी तिने आधी गिळले. राज्यातले उरलेसुरले सारस याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने गोंदिया परिसरात तग धरून आहेत. त्यांच्या वाट्याला कीटकनाशके आणि विजेच्या तारा.

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले. अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवर बायांनी ते केव्हाच खोटे पाडले आहे. त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, गाळात स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि मासळी परतली. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर लागते, हे त्यांना कोणत्याही कार्यालयाने शिकवले नव्हते.

म्हणून पक्षी सप्ताहाकडून मागण्या तीनच.

पहिली: मंडपाच्या खर्चातून दर तालुक्यात निदान एका तलावाची बेशरम काढावी आणि ती मजुरी मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना मिळावी.

दुसरी: तलावाचा कोणताही आराखडा ढिवरांच्या आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय मंजूर होऊ नये. सुशोभीकरणाच्या नावाखाली उथळ काठ खोदून सिमेंटने बांधणे थांबावे.

तिसरी: ज्याच्या बांधीत सारसाने घरटे केले, त्या शेतकऱ्याला तेवढ्या तुकड्यातल्या धानाची भरपाई कापणीआधी रोख मिळावी, पंचनाम्याचे कागद मागाहून फिरले तरी चालतील.