कॉफी, कोरडी हवा आणि चार थेंब पाणी

आमच्या घरात चहा पिणारे चौघं आणि कॉफी पिणारे एकटे अण्णा. नोकरीतली बावीस वर्षं त्यांनी चिकमगळूर-हासनकडं काढली. बेळगावला परत येताना तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक अस्खलित कानडी आणि दुसरं हातानं फिरवायचं कॉफीचं यंत्र. वर वाटीसारखं तोंड, मध्ये लोखंडी दाते, खाली लाकडी खण. मांडीत धरायचं, दांडा फिरवायचा, खणात पूड पडते. सकाळी साडेपाचला त्याची घरघर सुरू झाली की शेजारचे काका दूध आणायला बाहेर पडत, इतकं ते वेळेवर असे.

ज्या डोंगरावर बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून आणलेल्या सात बिया लावल्या असं सांगतात, तो डोंगर अण्णांच्या बिऱ्हाडाच्या खिडकीतून दिसायचा. त्यामुळं कॉफी या विषयावर आमच्या घरात वाद घालायची सोय नाही. पाकिटातली पूड त्यांना चालत नाही. दळली की कॉफीचा वास उडायला लागतो, म्हणून पिण्याआधीच दळायची, हे त्यांचं म्हणणं. आणि ते बरोबरही आहे. ओळखीचा एकजण तिकडून भाजलेल्या पीबेरीच्या बिया पाठवतो. (ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी भरते, ती पीबेरी.) त्याही चांगल्या काळपट भाजलेल्या. चिकोरी वेगळी, नंतर घालायची, आणि तीही चिमूटभर.

एवढं पुराण सांगायचं कारण असं, की २०२४ च्या जानेवारीत अण्णांनी हे यंत्र पुसून माळ्यावर ठेवायला सांगितलं.

आई २०२३ च्या जुलैत गेली. पावसाळा आणि दिवाळी कशीबशी गेली. त्या सगळ्यात अण्णांची कॉफी तेवढी चालू होती. डिसेंबर उजाडला आणि एक नवंच सुरू झालं. खण ओढला की पूड बाहेर उसळायची. खणाच्या कडांना, अण्णांच्या बोटांना, स्वेटरच्या बाहीला, कट्ट्यावरच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना, जिथं जागा मिळेल तिथं काळे कण जाऊन चिकटायचे. पुसायला जावं तर फडक्याबरोबर पसरायचे. बियांवरचं पापुद्र्यासारखं साल असतं ना, त्याचा कोंडा तर चालत्या पंख्याखाली ठेवल्यासारखा उडायचा. आमच्या सौ. पहिले चार दिवस गप्प बसल्या. पाचव्या दिवशी पांढऱ्या ओट्याकडं बघून म्हणाल्या, "अण्णा, जरा सावकाश ओतता का?"

त्यात काही चुकीचं नव्हतं. पण अण्णांचा हात अलीकडं थरथरतो. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं, आम्हीही तेच धरून चाललो. अण्णांनी मात्र दोन आणि दोन चार केले. हात थरथरतो, म्हणून पूड सांडते. आठवडाभर त्यांनी खण दोन्ही हातांनी धरून बघितला, खाली पेपर अंथरून बघितला. मग एक दिवस म्हणाले, "आता जमत नाही. मलाही चहाच टाका." घरातला आवाज कमी झाला आणि आम्ही सगळ्यांनी (मीसुद्धा, हे कबूल करतो) थोडा सुटकेचा श्वास सोडला.

मी भाषेचा मास्तर. विजेबद्दल मला कळतं ते बिल आल्यावर. पण स्टाफरूममध्ये हा विषय सहज निघाला तेव्हा आमच्या फिजिक्सच्या सरांनी डबा बाजूला सारून विचारलं, "सर, पूड वर उडते का खाली सांडते?" म्हटलं, वर उडते, चिकटते. "मग यात वडिलांच्या हाताचा काय संबंध? हात थरथरला तर पूड खाली पडेल. उडी मारून डब्याला जाऊन चिकटायचं कारण काय तिला?"

इतका साधा प्रश्न आम्हा चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही पडला नव्हता.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. लहानपणी केसांवर कंगवा घासून आपण कागदाचे कपटे उचलत होतो. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचा विद्युतभार थोडा दुसरीवर जातो. इंग्रजीतला विजेचा शब्दसुद्धा असाच घासण्यातून आलेला आहे. ग्रीक लोक लोकरीवर अंबर घासायचे, त्याला हलक्या काड्या चिकटायच्या, आणि अंबराला त्यांच्या भाषेत एलेक्ट्रॉन म्हणत. कॉफीची बी दळताना ती लोखंडी दात्यांवर घासते, बिया एकमेकींवर घासतात आणि शिवाय फुटतात. नुसत्या फुटण्यानंसुद्धा भार तयार होतो. मग सारख्या भाराचे कण एकमेकांना ढकलून उडतात, विरुद्ध भाराचे एकमेकांना धरून गुठळ्या करतात, आणि उरलेले जवळ जे असेल त्याला चिकटतात. प्लॅस्टिकला सगळ्यात जास्त, कारण प्लॅस्टिक तो भार वाहून जाऊ देत नाही. कोरडं लाकूडही त्यातलंच.

"मग ज्वारी दळताना असं का होत नाही?" मी विचारलं. आमच्या गल्लीतल्या गिरणीत पीठ उडतं, पण ते वाऱ्यानं. असं वैर धरल्यासारखं नाही. सर म्हणाले, ज्वारी आपण भाजून दळत नाही. धान्याच्या दाण्यात दहा-बारा टक्के पाणी असतं. कच्च्या कॉफीतही तेवढंच असतं. भाजल्यावर मात्र ते दोन-तीन टक्क्यांवर येतं, आणि अण्णांच्यासारखी काळपट भाजली तर आणखी कमी. पाणी नाही म्हणजे भाराला पळून जायला वाट नाही. त्यातून काळी भाजलेली बी ठिसूळ, तिची पूड बारीक, आणि जितकी बारीक पूड तितका हा उपद्रव जास्त.

राहता राहिला डिसेंबरचा प्रश्न. बेळगावच्या पावसाळ्याबद्दल इथल्या वाचकाला मी काय सांगणार? चार महिने मिठाचं पाणी होतं, पापड मऊ पडतात. त्या ओल्या हवेत भार टिकतच नाही. चिकमगळूर तर मलनाडातलं. पण थंडी पडली, हवा कोरडी झाली, ओठ फुटायला लागले, की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. पूड उडते ती त्याच दिवसांत.

सर पुढं म्हणाले की यावर नुकताच शोधनिबंध आलेला आहे. नंतर मी शोधून वाचला. अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि ज्वालामुखींचा अभ्यास करणारे जोशुआ मेंडेझ हार्पर यांनी सहकाऱ्यांसह केलेलं हे काम डिसेंबर २०२३ मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात आलं. ज्वालामुखीवाल्याचं कॉफीत काय काम, असं वाटेल. तर ज्वालामुखीतून उसळणाऱ्या राखेच्या ढगात विजा चमकतात, त्या याच घासण्या-फुटण्यातून. तीच मोजमापं त्यांनी कॉफीला लावली. फिकट भाजलेल्या कॉफीवर धन भार आणि काळ्या भाजलेल्या, कोरड्या कॉफीवर ऋण भार येतो असं त्यांना आढळलं. आणि उपाय? दळण्याआधी बियांवर थेंबभर पाणी.

हा उपाय त्यांनी शोधलेला नाही. कॉफीवेड्या मंडळींमध्ये तो २००५ च्या सुमारापासून डेव्हिड रॉस नावाच्या गृहस्थाच्या नावानं चालत आलाय. विद्यापीठानं त्याचं कारण मोजून दाखवलं, आणि एस्प्रेसो करताना गुठळ्या कमी झाल्यानं ती अधिक दाट उतरते हेही दाखवलं.

घरी येऊन हे सांगितलं तर सौ. हसल्या. "दळण ओलवायचं हे अमेरिकेतून कळायला पाहिजे होतं होय?" रवा-सपिटासाठी गहू ओलवून, फडक्यात दडपून ठेवून मग दळायची पद्धत आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. तिथलं कारण वेगळं, हे खरं. पाण्यानं गव्हाचं साल चिवट होतं आणि कोंडा मोठा मोठा सुटून येतो. पण पाणी लावून कोरडं दळण काढायचं, हे ऐकून सौ.ना नवल वाटलं नाही. मला वाटलं होतं.

माळ्यावरून यंत्र काढलं. अण्णा तयारच होईनात. "हात थरथरतो, उगाच पसारा." मी म्हटलं, तुमचा हात नव्हे, हवा थरथरते. माझ्या या वाक्याला काही अर्थ नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. शेवटी मीच दळायला बसलो. एका दिवशी कोरड्या बिया, दुसऱ्या दिवशी पाणी लावून. कोरड्या वेळी माझ्या धडधाकट, न थरथरणाऱ्या हातातूनसुद्धा पूड तशीच उसळली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २० ग्रॅम बिया घातल्या होत्या, खणातून साडेअठरा ग्रॅम आली. बाकीची माझ्या अंगावर. दुसऱ्या दिवशी चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांत फिरवली आणि दळलं. खण ओढला. पूड मुकाट्यानं खणात बसलेली.

अण्णा बराच वेळ खणाकडं बघत होते. मग म्हणाले, "ती ओल्या हातानंच द्यायची."

पहाटे अंगणात सडा घालून आई आत यायची आणि तशाच हातानं डब्यातून मूठभर बिया काढून यंत्रात टाकायची. माप म्हणजे तिची मूठ. ती गेल्यावर मी अण्णांना मापाचा स्टीलचा चमचा आणून दिला होता, पुसून कोरडा ठेवलेला. पावसाळ्यात फरक कळला नाही, कारण हवाच ओली. थंडीत कळला. आईला यातलं काही माहीत होतं का? मला नाही वाटत. तिला हात पुसत बसायला वेळ नव्हता, एवढंच.

आता ज्यांच्या घरी दळतात त्यांच्यासाठी चार गोष्टी, आमच्या दोन हिवाळ्यांच्या अनुभवावरून. २० ग्रॅम बियांना चार-पाच थेंब पुष्कळ झाले. बिया ओल्या दिसता कामा नयेत, नुसत्या चकाकल्या पाहिजेत. पाणी लावलं की हलवून लगेच दळायचं आणि तेवढ्याच बियांना लावायचं. अख्ख्या डब्यावर पाणी मारलंत तर बिया वाया गेल्या म्हणून समजा. दाते लोखंडी असतील तर जास्त पाण्यानं गंज धरतो आणि पूड लगद्यासारखी बसते, म्हणून अधूनमधून दाते उघडून कोरड्या ब्रशनं झाडावेत. धुऊ नयेत. मिक्सरमध्ये दळणाऱ्यांनाही हे चालतं, फक्त भांडं थांबल्यावर मिनिटभर झाकण उघडायची घाई करू नये. पूड काढायला प्लॅस्टिकऐवजी स्टीलची वाटी घ्यावी. आणि पाणी लावून दळलेली पूड साठवायची नाही, त्याच सकाळी संपवायची. चिकोरी हवेतली ओल ओढून घेते आणि तिचे गोळे होतात, तेव्हा ती यंत्रात न घालता शेवटीच मिसळलेली बरी. अण्णांचं आधीपासूनचं म्हणणं तेच होतं.

चवीत काय फरक पडला असं विचाराल, तर आमच्या फिल्टरच्या कॉफीत मला तरी कळला नाही. ती प्रयोगशाळेतली एस्प्रेसोची गोष्ट वेगळी. पितळी फिल्टरमध्ये रात्रभर थेंब थेंब उतरणाऱ्या डिकॉक्शनला फारसं काही बिघडत नाही नि सुधारत नाही. जून ते सप्टेंबर तर आम्ही पाणी लावतच नाही. कोंडा थोडा उडतोच, त्याला इलाज नाही.

यंत्र परत साडेपाचला सुरू होतं. हात थरथरतो, दांडा कधी अडतो, मग अण्णा थांबून परत फिरवतात. चमचा मात्र त्यांनी मला परत दिला. नळाखाली बोटं धरतात, झटकतात आणि मुठीनं बिया घेतात. त्यांची मूठ आईच्या मुठीपेक्षा मोठी, त्यामुळं कॉफी जरा कडक होते. परवा सौ.नी दूध वाढवू का विचारलं, तर म्हणाले, "नको, बियाच चार कमी घेतो."