पुलाबरोबर नदीचीही तपासणी व्हावी

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री, सावित्री दुथडी भरून वाहत असताना, मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल महाडनजीक कोसळला आणि दोन एस.टी. गाड्यांसह कित्येक जीव त्या प्रवाहात नाहीसे झाले. पुढे अवघ्या १६५ दिवसांत तेथे नवा पूल उभारला जाऊन जून २०१७मध्ये तो वाहतुकीस खुला झाला, याचे श्रेय अभियंत्यांना मोकळ्या मनाने दिलेच पाहिजे. परंतु पुलाच्या बांधणीची जेवढी वाखाणणी होते तेवढ्या आस्थेने त्याखालच्या नदीची विचारपूस होत नाही, आणि राज्यात ठिकठिकाणी जुने पूल पाडून नवे बांधले जात असताना ही उणीव दूर करणे निकडीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्रात खांब उभे राहिले की पाण्याची वाट अरुंद होते, वरच्या अंगाला फुगवटा चढतो आणि खांबांच्या बुडाशी भोवरे उठून तळ उकरला जातो. पाया किती खोल न्यावा हे ठरविण्यासाठी अभियंते लेसीच्या सूत्राने या धुपेची खोली काढतात. मात्र त्या गणिताचा हेतू पुलाच्या रक्षणापुरता असतो. खांबांहून अधिक अपाय बहुधा जोडरस्त्याचा भराव करतो, कारण पूर्वी शेतांतून पसरणारे पुराचे पाणी अडवून तो सारा लोंढा गाळ्यांच्या तोंडाशी आणून सोडतो. दासगावनजीकच्या रेल्वेच्या भरावामुळे सावित्रीचे पाणी तुंबते, ही महाडकरांची तक्रार जुनी आहे; जुलै २०२१च्या महापुरात शहर बुडाल्यावर गाळ, भरती आणि अतिवृष्टी या कारणांसह तीही पुन्हा चर्चेत आली. प्रत्येक कारणाचा वाटा किती, याचा हिशेब पूर येण्यापूर्वी मांडलेला असावा लागतो.

बांधकामाचा काळ तर याहून दुर्लक्षित. यंत्रे नेण्यासाठी पात्रात आडवा मातीचा रस्ता घालून त्याखाली नळ टाकतात. तो मृगापूर्वी काढला नाही, किंवा जुन्या पुलाचा राडारोडा डोहातच राहिला, तर पहिल्या लोंढ्याबरोबर अंडी घालण्यास वर चढणाऱ्या वलगणीच्या माशांची वाट बंद होते. ज्या महाड तालुक्यात वाळण कोंडीतले महासीर मासे देवीचे म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले, तेथे तरी पुलाच्या कागदपत्रांत माशांच्या वाटेसाठी एक रकाना असावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

अशा तपासणीने काम लांबेल, हा आक्षेप मला पटत नाही. पायासाठी जमिनीची चाचणी घेतात, त्याच वेळी पात्राचे मोजमापही होऊ शकते. आणि १९१६पासून नद्यांचा अभ्यास करणारी संस्था खडकवासल्यास असताना विद्येच्या अभावाची सबब तर मुळीच चालणार नाही. निविदा निघण्यापूर्वी प्रवाहाचा अहवाल, पूररेषेचे नकाशे व भरावाचा तपशील ग्रामपंचायतीच्या कचेरीत मराठीत लावावा, काठचे शेतकरी आणि भोई यांच्या हरकती लेखी घ्याव्यात, पूर्वीच्या पुरात पाणी कोणत्या जोत्यापर्यंत चढले होते हे सांगणाऱ्या वृद्धांची साक्ष नकाशाशी ताडून पाहावी. आणि पूल खुला झाल्यावर पुढले तीन पावसाळे नदीचा तळ व काठ मोजून त्याचा दाखला दप्तरी रुजू होईपर्यंत मक्तेदाराच्या देयकातील काही रक्कम रोखून ठेवण्याची तजवीज करारातच करावी.