अडगळ कशास म्हणावें ?

घर मोकळें करण्याचें जें नवें व्रत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं मोठ्या निष्ठेनें आचरलें जात आहे, त्याविषयीं चार कडू शब्द लिहिणें प्राप्त झालें आहे. ह्या व्रताच्या आचार्या जपानांतील मारी कोंडो ह्या बाई. त्यांचें पुस्तक २०१४ सालीं इंग्रजींत आलें, २०१९ सालीं त्यांचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर दिसूं लागला, आणि प्रत्येक वस्तु हातांत घेऊन ‘हिच्यामुळें मनास आनंद होतो काय ?’ असें विचारावें, होत नसल्यास तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, हा त्यांचा मंत्र पुण्यामुंबईच्या दोन खोल्यांच्या संसारांतहि ऐकूं येऊं लागला. (तिसरें मूल झाल्यावर आपण हा नाद बराच सोडला, असें त्याच बाईंनीं २०२३ सालीं कबूल केलें, परंतु शिष्य नेहमीं गुरूपेक्षां कडवे!)

न लागणारे कपडे, रिकामे डबे, हौसेनें आणलेलीं आणि एकदांच चाललेलीं यंत्रें हीं खुशाल घराबाहेर जावींत. जागा थोडी आहे, हें आम्हांसहि कळतें. आमचा आक्षेप त्या कसोटीवर आहे. मोडींतला कागद हातांत घेऊन आनंद कोणास होणार ? तो वाचतांच येत नाहीं ! विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि आजोबांचें अक्षर नातवास परकें झालें. अज्ञान आमचें, शिक्षा मात्र कागदास !

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. बिऱ्हाड बदलतांना माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आंत पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि कागदांचे रुमाल. कसोटी लावली, सर्व रद्दींत घातलें आणि आलेल्या पैशांची त्याच संध्याकाळीं भेळ खाल्ली. पुढें मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यानें पेटीच्या तळाशीं चिकटून राहिलेला एकच कागद वाचून दाखविला. दुष्काळांत पणजीनें पाटल्या गहाण ठेवून जोंधळे आणले, त्याची ती नोंद होती. त्या पाटल्या सुटल्या कीं नाहीं, हें सांगणारी वही भेळेंत गेली.

राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड १८९८ सालीं काढला. तसले कागद त्यांनीं गांवोगांव हिंडून लोकांच्या घरांतूनच मिळविले. दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तु जमवून तो संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आतां आम्ही आपल्या घरचा अडकित्ता मोडींत घालतों आणि तिकीट काढून दुसऱ्याचा पाहून येतों !

आमच्या आज्याहि दिवाळीपूर्वीं घर आवरीत. त्या डबे उतरवीत, भांड्यांस कल्हई लावीत, जुन्या लुगड्याची गोधडी शिवीत, उरलेलें बोहारणीला देत. वस्तु कोणाच्या उपयोगी पडेल, हा त्यांचा प्रश्न होता. ‘मला आनंद होतो काय?’ हा बाजाराच्या सोयीचा आहे. कारण मोकळें केलेलें कपाट महिन्याभरांत भरतें, आणि तें नीट लावण्याचे डबेहि विकतच आणावे लागतात. अडगळ माळ्यावरून येत नाहीं, दुकानांतून येते.

१९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यांत आहे. मोडी वाचणारे आजहि भेटतात. रुमाल रद्दीवाल्याच्या तागडींत टाकण्यापूर्वीं तेवढी एक खेप घालण्यास आमच्या वाचकांची कोणती हरकत आहे ?