सर्टिफिकेटची मुदत आता ४७ दिवसांकडे: आपल्या संस्थांनी काय करावे?

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आठ दिवस आधीची गोष्ट सभासदांना आठवत असेल. मुलांच्या स्पर्धांची नावनोंदणी संकेतस्थळावर सुरू केली आणि त्याच संध्याकाळी पडद्यावर इशारा येऊ लागला, की हे संकेतस्थळ सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. रात्री नऊपर्यंत आम्हाला फोनवर फोन. एका ज्येष्ठ काकूंनी आदल्याच दिवशी वार्षिक वर्गणी ऑनलाइन भरली होती. त्यांना वाटले, खाते रिकामे झाले. हॅक वगैरे काही झाले नव्हते. संकेतस्थळाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती, एवढेच. नूतनीकरणाची आठवण ज्या ईमेलवर येत असे, तो पत्ता एका माजी कार्यकारिणी सदस्याचा होता आणि ते दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यांचा काही दोष नाही. पत्ता बदलायचे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

दोन दिवस नोंदणी वहीत केली, ते निभावले. खटकले ते वेगळेच. आमच्यातल्याच काही उत्साही मंडळींनी व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले, 'इशाऱ्याकडे लक्ष देऊ नका, ॲडव्हान्स्डवर दाबून पुढे जा.' ज्या आजी-आजोबांना आम्ही ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान दिले होते, त्यांनाच आम्ही धोक्याची पाटी ओलांडायला शिकवले!

हे सर्टिफिकेट म्हणजे काय, ते बँकेच्या भाषेत सांगतो. दुसऱ्या शाखेने काढलेला डिमांड ड्राफ्ट आला की आम्ही कपाटातून नमुना सह्यांचे पुस्तक काढायचो आणि सही ताडून पाहायचो. अधिकारी निवृत्त झाला की त्याची सही रद्द झाल्याचे पत्रक सर्व शाखांना जायचे. संकेतस्थळाचे तेच आहे. तुमच्या मोबाइलमधला ब्राउझर नमुना सह्यांचे पुस्तक बाळगून असतो. त्यात जगातल्या काही ठरावीक संस्थांच्या सह्या असतात. त्यांपैकी एखादीने 'हे नाव याच सर्व्हरचे' असे लिहून दिले असेल आणि मुदत शिल्लक असेल, तरच दार निमूटपणे उघडते.

आता बातमी. ॲपलने मांडलेला प्रस्ताव एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सामायिक मंचावर मंजूर झाला, विरोधात एकही मत न पडता. सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस झाली, १५ मार्च २०२७ पासून १०० होईल आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. हा ४७ चा विचित्र आकडा आला कुठून? ३१ दिवसांचा महिना, अर्ध्या महिन्याचे १५ आणि वर सवलतीचा १. हिशेब आम्हाला आवडला.

जुन्या बँकवाल्यांना यात नवल वाटू नये. चेक आणि ड्राफ्टची मुदत सहा महिन्यांची होती, ती रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांवर आणली, कारण काही लोक चेक नोटेसारखा हातोहात फिरवत होते. कागद जितका जास्त दिवस बाहेर, तितकी गैरवापराला जागा जास्त. आपल्या सराफ्यातल्या पेढ्यांनाही मुदती हुंडीचे हे गणित ठाऊक होते.

सर्टिफिकेटच्या बाबतीत गैरवापर कसा होतो, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आले की त्यांच्या नावांची सर्टिफिकेटे भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या सहीने निघाली आहेत. गूगलने ती मागितलीच नव्हती. म्हणजे ड्राफ्टवर सही खरी, पण ड्राफ्ट बनावट! माहिती तंत्रज्ञान कायदा २००० अन्वये नेमलेल्या नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची सर्टिफिकेटे रद्द केली. पण 'रद्द' म्हटल्याने भागत नाही. सही रद्द झाल्याचे पत्रक एखाद्या आडगावच्या शाखेत वेळेवर पोचायचे नाही, तसेच रद्द झाल्याची वार्ता प्रत्येक ब्राउझरपर्यंत खात्रीने पोचत नाही. त्यापेक्षा मुदतच इतकी आखूड ठेवा की चुकीचा कागद आपोआप मरेल. निर्णयामागचा विचार हा, आणि आमच्या मते तो योग्य आहे. सह्यांच्या पुस्तकावर चार परदेशी कंपन्यांची सत्ता आहे, ही तक्रार वेगळी आणि रास्त आहे. भारतीय मुळाची सही मानणारा देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा केंद्र सरकारने घेतली आणि मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिले बक्षीस मिळाले, ते याचसाठी.

पण ४७ दिवस म्हणजे वर्षातून किमान आठ वेळा नूतनीकरण. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेला हाताने हे जमणार नाही. वर्षातून एकदाचे आम्हाला जमले नाही, तर आठ वेळा काय जमणार! म्हणून हे काम यंत्राकडेच द्यावे लागेल. त्याची सोय आहे आणि फुकट आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही अमेरिकेतली ना-नफा संस्था २०१५ पासून विनामूल्य सर्टिफिकेट देते. आपल्या सर्व्हरवर सर्टबॉटसारखा छोटा प्रोग्रॅम बसवला की तो दिवसातून दोनदा मुदत तपासतो आणि वेळ जवळ आली की स्वतःच नवे मागून घेतो. ओळख पटवण्याची रीत पेन्शनरांना परिचित आहे. खाते तुमचेच आहे ना, हे पाहायला एक रुपया जमा करून बघतात, तशी ती संस्था एक लांबलचक खूण देते आणि म्हणते, ही तुमच्या संकेतस्थळावर ठेवा. दुसऱ्या बाजूने येऊन ती खूण दिसली, की नाव तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध. क्लाउडवर जागा भाड्याने घेतली असेल तर ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या सेवांत हे काम त्यांच्या व्यवस्थेकडे सोपवता येते, आणि मग गुप्त किल्लीही सहसा त्यांच्याच तिजोरीत राहते.

मग चिंता मिटली का? बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हाही आम्हाला सांगितले होते की आता टॅली आपोआप जुळेल. नवे सर्टिफिकेट येऊन पडते, पण सर्व्हरला ते पुन्हा वाचायला सांगितलेले नसते, म्हणून तो जुनेच दाखवत बसतो. हा नेहमीचा घोटाळा आहे. कधी डोमेनचे वार्षिक पैसेच भरायचे राहतात, आणि नावच गेल्यावर सर्टिफिकेट कशाचे? मोठ्यांनाही हे सुटलेले नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले. त्यात भर म्हणजे लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपण्याची आठवण देणारे ईमेल पाठवणे थांबवले. यंत्र करतेच आहे, मग आठवण कशाला, असा त्यांचा सूर. आम्हाला हे पटत नाही. काम यंत्राचे असू दे, पण नजर माणसाचीच हवी.

आणखी एक गैरसमज. पूर्वी पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले की संकेतस्थळ खरे, असे आम्हीच सांगत होतो. ते अर्धवट होते. कुलपाचा अर्थ इतकाच की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे, हे कुलूप सांगत नाही. ठकही फुकट सर्टिफिकेट घेतो. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचे चित्र काढून टाकले, ते याच कारणाने. त्यामुळे पाहायचे ते नाव. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' ही वेगळी शेपटी जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना तिकडे जायला सांगितले. ही नावे हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि बँक असल्याशिवाय देत नाही. नातवंडांकडून आपल्या बँकेचा नवा पत्ता एकदा मोबाइलमध्ये जपून ठेवून घ्या आणि मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जाऊ नका.

आमच्याकडे झालेली व्यवस्था सांगतो, इतर मंडळांना उपयोगी पडेल. नूतनीकरण आता यंत्र करते. आयटीतल्या दोन तरुण सभासदांनी एका रविवारी पोहे खाता खाता ते बसवून दिले. डोमेन व्यक्तीच्या नावावरून संस्थेच्या नावावर आणायला मात्र सहा आठवडे लागले, कारण ओटीपी ज्या मोबाइलवर जायचा तो नंबरच बंद होता. आता ईमेलचा पत्ता चिटणीस या पदाचा आहे, माणसाचा नाही. पासवर्ड स्ट्राँग रूमच्या किल्ल्यांसारखा दोघांच्या ताब्यात असतो. दर महिन्याच्या १ तारखेला कोषाध्यक्ष संकेतस्थळ उघडतात, सर्टिफिकेटवरची अंतिम तारीख पाहतात आणि रोकडवहीच्या शेवटच्या पानावर लिहून सही करतात. मागच्या तारखेपेक्षा ती पुढे सरकली नसेल आणि तीस दिवसांच्या आत आली असेल, तर त्याच दिवशी त्या दोघा तरुणांना फोन जातो. दोन महिन्यांपूर्वी एकदा फोन करावा लागला. सर्टिफिकेट नवे आले होते, सर्व्हर जुनेच दाखवत होता.