रुमाल आणि दप्तर

परवा सिग्नलपाशी आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका दुचाकीच्या नंबरप्लेटवर रुमाल बांधलेला होता आणि त्याआडून शेवटचा एकच आकडा डोकावत होता. कॅमेरा चुकवण्याची ही युक्ती पाहून मन क्षुब्ध झाले. कारण सार्वजनिक रस्त्यावर वाहन काढण्याचा परवाना जो घेतो, तो आपल्या वाहनाची ओळख उघडी ठेवण्याचा करारच समाजाशी करीत असतो, आणि धडक देऊन पळालेल्या वाहनाचा माग काढण्यास जखमी माणसाजवळ पुष्कळदा त्या आकड्यांवाचून दुसरे साधन उरत नाही.

तथापि रुमाल बांधणे हा अपराध निर्विवाद असला, तरी यंत्राच्या अखंड नजरेविषयी सामान्य वाहनचालकाला वाटणारी धास्ती सर्वस्वी निराधार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. पुढे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम समाविष्ट होऊन, यंत्राला मान्यतेचा दाखला असावा, देखरेखीच्या टप्प्याआधी सूचनाफलक ठळकपणे लावावा आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत धाडावी, असे दंडक सरकारने स्वतःलाच घालून घेतले. या दंडकांची अंमलबजावणी चोख व्हावी. शिवाय ज्याने कोणताही नियम मोडला नाही, त्याच्या जाण्यायेण्याची नोंद सरकारी दप्तरात किती काळ राहावी आणि ती कोणाच्या हाती पडावी, याचाही तितकाच पक्का बंदोबस्त व्हावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

नागरिकाने रुमाल सोडावा आणि सरकारने निरपराध्याची नोंद पुसावी. परस्परविश्वास यातूनच दृढ होईल.